सिस्टर इग्नेशिया : मद्यपाशात सापडलेल्यांना रुग्णालयाचे दार उघडून देणाऱ्या धर्मभगिनी

मुंबई, वसई, पुणे ह्या भागांतील आपल्या अनेक चर्चच्या आवारात संध्याकाळच्या वेळी शाळेच्या एखाद्या रिकाम्या वर्गात काही माणसे जमतात. कोणी रिक्षाचालक असतो, कोणी बँकेतील अधिकारी, कोणी निवृत्त शिक्षक. ती आपले आडनाव सांगत नाहीत. आजचा एक दिवस दारूवाचून गेला, एवढ्यासाठी ती देवाचे आभार मानतात आणि घरी जातात. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजेच आपल्या नेहमीच्या बोलण्यातील ए.ए., ती हीच चळवळ. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ ही तिच्या दोन संस्थापकांची नावे तेथे जाणाऱ्यांना ठाऊक असतात. परंतु त्यांच्याबरोबरीने आदराने घ्यावे असे एक तिसरे नाव आहे, आणि ते एका कॅथोलिक धर्मभगिनीचे आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. सिस्टर मेरी इग्नेशिया गॅविन ह्यांचे जीवनचरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

त्यांची अमेरिकेतील ओळख 'ए.ए.ची देवदूत' अशी आहे. आम्हांला मात्र त्यांच्या कार्याची एक वेगळी बाजू अधिक मोलाची वाटते. व्यसनात बुडालेल्या माणसावर उपचार कसे करावेत, हे डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिकवणारे फारसे कोणी ज्या काळात नव्हते, त्या काळात सिस्टर इग्नेशिया ह्यांनी रुग्णालयातील एका लहानशा वॉर्डची शाळा केली. त्या स्वतः डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. त्या संगीतशिक्षिका होत्या.

आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यात १८८९ च्या जानेवारी महिन्यात त्यांचा जन्म झाला. ब्रिजेट डेला मेरी गॅविन हे त्यांचे मूळ नाव. घरात त्यांना डेला म्हणत. मेयो हा गरीब शेतकऱ्यांचा मुलूख. १८४० च्या दशकातील बटाट्याच्या दुष्काळाने तो पुरता खिळखिळा झाला होता, आणि अमेरिकेला जाणाऱ्या बोटी हाच तेथील अनेक कुटुंबांपुढचा मार्ग होता. १८९६ साली गॅविन कुटुंबही ह्याच मार्गाने ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात येऊन राहिले. डेलाला संगीताची जन्मजात ओढ होती. मोठी झाल्यावर ती घरीच पियानो व गायन शिकवू लागली आणि कुटुंबाला तिचा चांगला हातभार लागू लागला. व्रतस्थ जीवनाची हाक तिला फार पूर्वीच ऐकू आली असावी. परंतु आईचे मन तयार नव्हते. अखेर १९१४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तिने संत ऑगस्टीनच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी ह्या संस्थेत प्रवेश केला आणि इग्नेशिया हे नाव धारण केले.

ह्या संस्थेविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. क्लीव्हलँडचे पहिले महागुरुस्वामी अमेडियस रॅप हे मूळचे फ्रान्सचे. आजारी व अनाथ लोकांची सेवा करण्यासाठी त्यांनी १८५१ साली फ्रान्सहून धर्मभगिनी आणल्या. त्यांतूनच ही संस्था उभी राहिली आणि १८६५ साली तिने क्लीव्हलँडमध्ये सेंट व्हिन्सेंट चॅरिटी हे रुग्णालय उघडले. म्हणजे रुग्णसेवा संस्थेच्या रक्तातच होती. तरी सिस्टर इग्नेशिया ह्यांच्या वाट्याला जवळजवळ वीस वर्षे संगीतच आले. अनाथाश्रमातील मुलांना त्या गाणे शिकवीत, वाद्यवृंद बसवीत, चॅपेलमधील गायनाची तयारी करून घेत. काम वाढत गेले. प्रकृती मूळचीच नाजूक, त्यात कामात काटेकोरपणा आणि स्वतःवर दया नाही. १९३३ साली शरीर आणि मन दोन्ही कोसळले. पोटातील व्रण, हातापायांची शक्ती गेलेली, मज्जासंस्था पार थकलेली, अशा अवस्थेत त्यांना महिनोन्महिने अंथरुणावर राहावे लागले. संगीत आणि जीव ह्यांतील एकच काय ते निवडावे लागेल, असा स्पष्ट इशारा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी दिला.

ज्या कलेला आयुष्याची वीस वर्षे दिली ती एका दिवसात सोडणे म्हणजे काय असते, हे पुढे त्यांच्याकडे येणाऱ्या मद्यपींना त्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नसेल. आपण आपल्या बळावर उभे राहू शकत नाही, ह्याचा अनुभव त्यांनी घेतला होता.

१९३४ साली वरिष्ठांनी त्यांना हलके काम म्हणून अ‍ॅक्रन शहरातील सेंट थॉमस रुग्णालयात पाठवले. हे रुग्णालय १९२८ साली सुरू झाले होते. येणाऱ्या रुग्णाची नोंद करणे आणि त्याला खाट नेमून देणे हे त्यांचे काम. अ‍ॅक्रन ही रबराची नगरी. मोटारींच्या टायरचे मोठमोठे कारखाने तेथे होते. महामंदीने कारखान्यांवर अवकळा आलेली, आणि १९२० पासून लागू असलेली दारूबंदी १९३३ साली उठलेली. नोंदणीच्या टेबलासमोर काय काय येऊन उभे राहत असेल, ह्याची कल्पना आपण करू शकतो.

त्या काळी दारूच्या अमलाखाली असलेल्या माणसाला सर्वसाधारण रुग्णालये दाखल करून घेत नसत. ह्याचा दोष आम्ही केवळ त्यांच्या निष्ठुरपणाला देणार नाही. असा माणूस आरडाओरडा करी, शेजारच्या रुग्णांना झोपू देत नसे, बिल बुडवी आणि महिन्याभरात पुन्हा दारात येई. शिवाय वैद्यकीय शिक्षणात दारूने यकृत कसे बिघडते हे शिकवले जाई; दारू का सुटत नाही, ह्यावर मात्र कोणी फारसे बोलत नसे. श्रीमंतांसाठी खाजगी आरोग्यधामे होती. गरिबांसाठी पोलीस कोठडी होती, नाहीतर वेड्यांचे इस्पितळ.

येथे एक वैद्यकीय बाब सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी थांबवली, तर पहिल्या एकदोन दिवसांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, फेफरे येऊ शकते. आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या आत काहींना भास होऊ लागतात, ताप चढतो, हृदयाचे ठोके बेफाम होतात. उपचार न मिळाल्यास ह्यात मृत्यूही येऊ शकतो. म्हणजे कोठडीत टाकलेला मद्यपी कित्येकदा दारूने मरत नसे, दारू तुटल्याने मरत असे. त्याला खाटेची, औषधाची आणि जाणत्या परिचारिकेची खरी गरज होती, नेमकी त्याच वेळी त्याला दार बंद होते.

सेंट थॉमसमध्ये शस्त्रक्रियांसाठी येणारे एक डॉक्टर होते, रॉबर्ट होलब्रुक स्मिथ. तेच डॉ. बॉब. १८७९ साली व्हर्माँट राज्यात जन्मलेले, उंच, बोलायला थोडे तुटक, हात कुशल. विद्यार्थिदशेपासून त्यांना दारूचे व्यसन होते, आणि सकाळी हात स्थिर राहावेत म्हणून ते झोपेची व गुंगीची औषधेही घेत. डॉक्टरच्या हाती औषधांच्या कपाटाची किल्ली असते. वैद्यकीय व्यवसायातील व्यसनाचा हा धोका आजही तसाच आहे. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे शेअर दलाल बिल विल्सन ह्यांची आणि त्यांची अ‍ॅक्रनमध्ये भेट झाली. बिल स्वतः काही महिन्यांपूर्वीच दारूतून सुटले होते आणि पुन्हा घसरू नये म्हणून दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोलण्याची त्यांना निकड होती. १० जून १९३५ रोजी डॉ. बॉब ह्यांनी अखेरचा घोट घेतला. तो दिवस ए.ए.चा स्थापनादिन मानला जातो.

त्यानंतर डॉ. बॉब जेथे मिळेल तेथे मद्यपींना दाखल करू लागले. निदानाच्या रकान्यात काहीतरी दुसरेच लिहावे लागे. एकेका रुग्णालयाच्या ध्यानात हा प्रकार आला की ते दार बंद होई. सिस्टर इग्नेशियाही ह्या काळात स्वस्थ नव्हत्या. आपत्कालीन विभागातील थॉमस स्कुडेरी ह्या तरुण डॉक्टरांच्या साहाय्याने त्या अधूनमधून एखाद्या मद्यपीला गुपचूप आत घेत, त्याला शांत होऊ देत आणि घरी पाठवीत. असा एक रुग्ण रात्री भ्रमात उठून वॉर्डच्या बोळांतून धावत सुटला. रात्रपाळीच्या प्रमुख सिस्टरांनी इग्नेशियांना चांगलेच सुनावले : पुन्हा असा माणूस घ्यायचा असेल तर रात्रभर त्याच्यामागे धावायलाही आपणच यावे!

म्हणूनच डॉ. बॉब एके दिवशी त्यांच्या टेबलापाशी आले आणि त्यांनी आपल्या रुग्णाविषयी विचारले, तेव्हा सिस्टर क्षणभर कचरल्या. पण नकार त्यांच्या तोंडून निघाला नाही. १६ ऑगस्ट १९३९ रोजी त्यांनी त्या माणसाची नोंद केली. निदान लिहिले : जठराचा तीव्र दाह. त्याला दोन खाटांच्या खोलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. बॉब आले आणि त्यांनी आणखी एक मागणी केली. ह्या रुग्णाला भेटायला काही मित्र येतील, त्यांना मोकळेपणी बोलता यावे म्हणून स्वतंत्र खोली हवी. रुग्णालयात खोली शिल्लक नव्हती. रुग्णांना भेट आलेली फुले सजवण्यासाठी एक लहानशी खोली होती. तिच्या दारातून खाट आत जाईल का, हे पाहिले गेले. गेली. दारूच्या व्यसनावर उघडपणे, नियमितपणे उपचार करणाऱ्या वॉर्डची सुरुवात त्या फुलांच्या खोलीत झाली.

सिस्टरांनी निदानाच्या रकान्यात केलेली ती नोंद खोटी होती का, असा प्रश्न एखाद्या चोखंदळ वाचकाच्या मनात येईल. त्या माणसाचे जठर सुजलेले असणार ह्यात शंका नाही, तेव्हा नोंद अगदीच असत्य नव्हती. अपुरी मात्र निश्चित होती. आम्हांला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते असे, की सिस्टरांनी तो आडमार्ग कायमचा ठेवला नाही. आपल्या वरिष्ठ सिस्टर क्लेमेंटाइन ह्यांना विश्वासात घेऊन त्यांनी रुग्णालयाचे धोरणच बदलून घेतले, आणि मद्यपींना मद्यपी म्हणूनच प्रवेश मिळू लागला.

त्यांच्या मनात आणखी एक चिंता होती. डॉ. बॉब आणि त्यांचे मित्र हे ऑक्सफर्ड ग्रुप ह्या प्रॉटेस्टंट वळणाच्या प्रार्थनागटातून आलेले होते. त्या काळी कॅथोलिकांनी अशा सभांना जाणे ख्रिस्तसभेला मान्य नव्हते. नुकतीच दीक्षा झालेले फादर व्हिन्सेंट हास रुग्णालयात आले असता सिस्टरांनी त्यांना ही नवी मंडळी नक्की काय करतात ते सभेत बसून पाहून यायला सांगितले. फादर गेले, त्यांनी पाहिले, आणि कॅथोलिक माणसाच्या श्रद्धेला धक्का लागेल असे काही त्यांना आढळले नाही. वॉर्डाच्या वाटेतील मोठा अडसर अशा रीतीने दूर झाला. व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेला अजून दोन दशके अवकाश होता, हे लक्षात घेतले म्हणजे एका धर्मभगिनीने, एका प्रॉटेस्टंट डॉक्टराने आणि एका तरुण धर्मगुरूने मिळून केलेल्या ह्या कामाचे नवल वाटते.

खोली लहान पडू लागली. दोन खाटांच्या चार झाल्या, पुढे स्वतंत्र वॉर्ड मिळाला. हा वॉर्ड चॅपेलच्या माडीवरील गायकवृंदाच्या सज्जाला लागून होता. रुग्ण अंगावरच्या पायजम्यानिशी दार ढकलून सज्जात येई आणि खाली वेदीकडे पाहत बसे. त्याने प्रार्थना करावी अशी सक्ती नव्हती.

येथील उपचारांचा क्रम पाच दिवसांचा होता. पहिल्या दिवशी स्वागत आणि शरीराला आराम. दुसऱ्या दिवशी आपली अवस्था खरोखर काय आहे ह्याची जाणीव. तिसऱ्या दिवशी आपल्या आयुष्याचा प्रामाणिक ताळेबंद. चौथ्या दिवशी संकल्प. पाचव्या दिवशी घरी गेल्यावर काय करायचे ह्याची आखणी. शरीराची काळजी औषधे, आहार आणि झोप ह्यांनी घेतली जाई. बाकीचे काम येणारी माणसे करीत. दुपारपासून रात्रीपर्यंत ए.ए.चे सभासद येत, रुग्णाच्या खाटेशेजारी बसत आणि स्वतःची कहाणी सांगत. कॉफीचे भांडे सदैव गरम असे. वर्तमानपत्र, रेडिओ, घरच्यांचे दूरध्वनी ह्यांना त्या पाच दिवसांत मज्जाव होता. रुग्णाला एकट्याने येता येत नसे. व्यसनातून सुटलेल्या एखाद्या सोबत्याने त्याला आणायचे, त्याची जबाबदारी घ्यायची आणि पाचव्या दिवशी त्याला घेऊन जायचे.

एक नियम कठोर होता. एकदा उपचार घेऊन गेलेल्याला सहसा पुन्हा दाखल केले जात नसे, कारण बाहेर नवी माणसे खाटेची वाट पाहत होती. आजचे वैद्यकशास्त्र व्यसन हा उलटणारा आजार मानते, मधुमेहाप्रमाणे किंवा दम्याप्रमाणे. पुन्हा घसरलेल्या रुग्णाला दार बंद करणे आज कोणी योग्य म्हणणार नाही. खाटा मोजक्या असताना केलेला तो नियम होता, एवढेच आम्ही म्हणू.

डॉ. बॉब ह्या रुग्णांकडून शुल्क घेत नसत. १९३९ ते १९५० ह्या काळात त्यांनी आणि सिस्टरांनी सेंट थॉमसमध्ये सुमारे ५,००० मद्यपींवर उपचार केले. ह्या रुग्णांशी रोज संबंध येणाऱ्या परिचारिका, शिकाऊ डॉक्टर, सफाई कामगार, स्वयंपाकघरातील माणसे ह्या सर्वांच्या दृष्टीत जो बदल झाला, तो आम्हांला ह्या आकड्याइतकाच मोठा वाटतो. तो व्याख्यानांनी झाला नाही. आठवड्यापूर्वी थरथरत, शिव्या देत आलेला माणूस स्वच्छ दाढी करून, टाय लावून परत येतो आणि दुसऱ्या थरथरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसतो, हे परिचारिकेने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की पुढच्या रुग्णाला ती वेगळ्या आवाजात हाक मारते. बरा झालेला रुग्ण कर्मचाऱ्यांच्या नजरेस पडावा, अशी सोय सामान्य रुग्णालयात क्वचितच असते. सिस्टरांच्या वॉर्डात ती रोजची गोष्ट होती. आजच्या व्यसनोपचाराच्या अभ्यासक्रमांत बरे झालेल्या व्यक्तींना शिक्षक म्हणून बोलावले जाते, ते ह्याच कारणासाठी.

त्यांनी लेखणीही हाती घेतली. १९५१ साली कॅथोलिक रुग्णालयांच्या संघटनेच्या मासिकात त्यांनी मद्यपींच्या शुश्रूषेवर लेख लिहिला. आपल्या वॉर्डाची घडी कशी बसवली आहे, कोणाला प्रवेश द्यावा, सोबत्याची भूमिका काय, पाच दिवसांत काय घडावे, हे त्यांनी इतर रुग्णालयांच्या व्यवस्थापकांना समजेल अशा रीतीने मांडले.

डॉ. बॉब १६ नोव्हेंबर १९५० रोजी कर्करोगाने वारले. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९५२ मध्ये, सिस्टरांची बदली क्लीव्हलँडला, त्यांच्या संस्थेच्या त्याच जुन्या सेंट व्हिन्सेंट चॅरिटी रुग्णालयात झाली. वय ६३. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्यांना बदली नवी नसते. तरी तेरा वर्षे जपलेला वॉर्ड मागे ठेवून जाणे सोपे गेले नसेल. क्लीव्हलँडमध्ये त्यांना एक जुनाट, पडीक विभाग मिळाला. शहरातील व्यसनमुक्त झालेले सुतार, प्लंबर, वीजतंत्री, रंगारी कामानंतर येऊन तो दुरुस्त करू लागले. ७ डिसेंबर १९५२ रोजी तेथे रोझरी हॉल सोलॅरियम सुरू झाले. जपमाळेच्या राणीचे नाव त्याला दिले होते. आणि त्या इंग्रजी नावाची तीन आद्याक्षरे जुळवली की रॉबर्ट होलब्रुक स्मिथ ह्या नावाची आद्याक्षरे होतात. ए.ए.मध्ये पूर्ण नाव प्रकट करायचे नसते. सिस्टरांनी आपल्या मित्राचे नाव भिंतीवर कोरले आणि नियमही पाळला.

रोझरी हॉलमधून आणखी सुमारे १०,००० रुग्ण गेले. निघताना प्रत्येकाच्या हातावर सिस्टर येशूच्या परमपवित्र हृदयाचा एक लहानसा बिल्ला ठेवीत. अट एकच असे : पुन्हा दारू प्यायची वेळ आली, तर आधी येथे येऊन हा बिल्ला माझ्या हाती परत द्यायचा. जेमतेम पाच फूट उंचीच्या, कृश, निळ्या डोळ्यांच्या ह्या वृद्ध धर्मभगिनीसमोर जाऊन बिल्ला परत करण्यापेक्षा न पिणे अनेकांना सोपे वाटले असेल! कॅथोलिक नसलेलेही तो बिल्ला जवळ बाळगीत. ए.ए.मध्ये आज ठरावीक मुदतीच्या संयमानंतर पदक देण्याची जी प्रथा आहे, तिचे मूळ कित्येकजण ह्या बिल्ल्यात शोधतात.

दरम्यान डॉक्टरांच्या संघटनाही हलू लागल्या होत्या. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. रूथ फॉक्स ह्यांनी मद्यपाशावर काम करणाऱ्या डॉक्टरांची एक संस्था स्थापन केली. व्यसनोपचार करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांची आजची राष्ट्रीय संघटना तिच्यातूनच वाढली. १९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ठराव करून मद्यपींना सर्वसाधारण रुग्णालयांत दाखल करून घ्यावे, असे आवाहन केले. फुलांच्या खोलीत खाट ढकलली गेली त्याला तेव्हा सतरा वर्षे झाली होती. व्यसनोपचार ही वैद्यकशास्त्राची स्वतंत्र उपशाखा म्हणून अमेरिकेत मान्य व्हायला तर २०१६ साल उजाडावे लागले.

येथे आम्हांला थोडे थांबून एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते, कारण आपल्या लोकांत ह्याविषयी गैरसमज आहेत. सिस्टरांचे पाच दिवस हे दारूसाठी होते. अफूपासून बनणाऱ्या किंवा त्या जातीच्या पदार्थांचे, म्हणजे हेरॉईन, ब्राऊन शुगर, मॉर्फिन व तत्सम वेदनाशामकांचे व्यसन वेगळ्या तऱ्हेने वागते. ते तोडताना अंगदुखी, जुलाब, निद्रानाश ह्यांनी रुग्ण हैराण होतो, पण त्या त्रासानेच मरण येणे विरळा. खरा धोका नंतर असतो. काही दिवस पदार्थ बंद राहिला की शरीराची सहनशक्ती उतरते. मग मोहाला बळी पडून रुग्णाने पूर्वीचीच मात्रा घेतली, की श्वास बंद पडतो. म्हणून १९६४-६५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मारी निस्वांडर ह्यांनी मेथाडोन हे औषध रोज, दीर्घकाळ देण्याची पद्धत पुढे आणली. पुढे ब्युप्रेनॉर्फिन आले. ही औषधे घेत असताना मृत्यूचे प्रमाण पुष्कळ घटते, हे आता निर्विवाद आहे. एका नशेच्या जागी दुसरी, असे म्हणून काही श्रद्धावान मंडळीही ह्या उपचाराला नाके मुरडतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की डॉ. डोल स्वतः मद्यपी नसूनही ए.ए.चे विश्वस्त राहिले होते. सिस्टरांचे नाव घेऊन हेरॉईनच्या रुग्णाला औषधावाचून पाच दिवसांत घरी पाठवणे, हे आम्हांला त्यांच्या कार्याशी विसंगत वाटते. त्या स्वतः ज्या विषयात अनभिज्ञ होत्या तो डॉक्टरांकडून शिकल्या होत्या.

ह्या संदर्भात संत मार्क जी तियानश्यांग ह्यांची आठवण होते. चीनमधील हे कॅथोलिक वैद्य. पोटाच्या विकारावर म्हणून त्यांनी अफू घेतली आणि ती सुटेना. पुन्हा पुन्हा तेच पाप कबूल करणाऱ्याला खरा पश्चात्ताप नाही, असे समजून त्यांच्या धर्मगुरूंनी त्यांना संस्कार नाकारले, आणि सुमारे तीस वर्षे ते संस्कारांविना श्रद्धेत राहिले. १९०० साली बॉक्सर बंडाच्या काळात ते हुतात्मा झाले आणि १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्यांना संतपद दिले. धर्मगुरूंच्या मनात वाईट नव्हते. हा आजार आहे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

शिकवण्याचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही. अमेरिकेत ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी डॉक्टरांना घ्यावा लागणारा खास परवाना २०२२ च्या अखेरीस रद्द झाला. त्याऐवजी जून २०२३ पासून अशी नियंत्रित औषधे लिहून देणाऱ्या प्रत्येकाला व्यसनोपचाराचे आठ तासांचे प्रशिक्षण एकदा तरी घेणे बंधनकारक करण्यात आले. आपल्या देशातील २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ५.७ कोटी, तर अफूवर्गीय पदार्थांसाठी सुमारे ७७ लाख आहे. ए.ए. १९५७ साली मुंबईत आले. १९८१ साली वांद्र्याला चर्चच्या आधाराने कृपा फाउंडेशन सुरू झाले. १९८६ साली पुण्यात, ब्राऊन शुगरच्या लाटेने तरुण मुले वाहून जात असताना, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट ह्यांनी मुक्तांगण उभे केले. ह्या केंद्रांतून बरे झालेली किती माणसे आज तेथेच समुपदेशक म्हणून नव्या रुग्णांच्या उशाशी बसतात! अ‍ॅक्रनच्या वॉर्डातील रीत ती हीच.

सिस्टर इग्नेशिया ह्यांनी सत्तरी ओलांडली तरी त्या रोझरी हॉलमध्ये रोज फिरत. रुग्णांच्या पत्नींना आणि आईवडिलांना त्या वेळ देत, कारण एक माणूस पितो तेव्हा सारे घर आजारी असते हे त्यांनी पाहिले होते. ज्या अ‍ॅक्रनच्या वॉर्डातून त्या निघाल्या, त्याला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. रोझरी हॉल त्यांच्या पश्चात अनेक दशके चालले आणि तेथे पुढे अफूवर्गीय पदार्थांच्या रुग्णांवरही उपचार झाले. सेंट व्हिन्सेंट चॅरिटीने रुग्ण दाखल करून घेणे मात्र नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबवले.

प्रकृतीने साथ सोडल्यावर १९६५ साली त्या रिचफिल्ड येथील माउंट ऑगस्टीन ह्या संस्थेच्या मातृगृहात विश्रांतीसाठी गेल्या. १ एप्रिल १९६६ रोजी, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, येशूच्या परमपवित्र हृदयाच्या भक्तीसाठी ख्रिस्तसभा जो दिवस पाळते त्या दिवशी, त्या ख्रिस्तवासी झाल्या. झावळ्यांचा रविवार दोन दिवसांवर होता. क्लीव्हलँडच्या सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये त्यांच्यासाठी मिस्साबलिदान अर्पण झाले तेव्हा मंदिर भरून गेले होते. आलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या खिशात तो बिल्ला होता.